व्हिसा फी ९० युरो, मग एजंटच्या कागदावर जवळजवळ दुप्पट कशी?

गाठोडं_बांधलंय (प्रश्न)

नमस्कार मंडळी. चार-साडेचार महिन्यांनी आम्ही पाच जण फ्रान्स आणि स्वित्झर्लंडला निघतोय, मधे तीन दिवस लंडन. आम्ही दोघं, सासूबाई, मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. मुलीला पुढच्या महिन्यात बारावं पूर्ण होतंय. तिकिटं काढलेली नाहीत, त्यामुळे बेत अजून हलवता येतो.

एका एजंटकडून शेंगेन व्हिसाचं (फ्रान्स-स्वित्झर्लंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लंडन त्यात येत नाही) कोटेशन मागवलं. आलं ते एका ओळीत: ‘व्हिसा चार्जेस, पाच व्यक्ती, सर्व समाविष्ट’. आकडा बघून नवऱ्याने विचारलं, यात तिकिटंही धरलीत का? मी फोड मागितली. दोनदा आठवण केल्यावर वहीच्या पानाचा फोटो आला. त्यावर व्हिसा फी, केंद्राचं सेवा शुल्क, बायोमेट्रिक चार्ज, मल्टिपल एंट्री चार्ज, डॉक्युमेंटेशन, अपॉइंटमेंट असिस्टन्स, एसएमएस, कुरिअर, इन्शुरन्स आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. पाचही जणांना पूर्ण फी लावलेली, धाकट्यालासुद्धा. लंडनचं ‘नंतर बघू’ म्हणाले.

मला एजंट नकोच असं नाही. सासूबाईंचे कागद जुळवायला कुणी असेल तर बरंच वाटेल. पण यातलं सरकारला जाणारं किती, केंद्राला किती आणि ज्याला आपण ‘नको’ म्हणू शकतो असं किती, हे कळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलंय. कुणी ओळीवार सांगू शकेल का?

उनाडटप्पू

एजंट सोडा, सगळं स्वतः करा. फॉर्म मोफत असतो, कागदांची यादी वकिलातीच्या साइटवर असते. ‘इतर’ या ओळीला माझा साष्टांग नमस्कार.

काचेपलीकडचा

ताई, मी काही वर्षं एका व्हिसा केंद्रात काउंटरच्या काचेपलीकडे बसत असे. कुठलं केंद्र ते विचारू नका. तुमच्या यादीतली प्रत्येक ओळ रोजच्या कामातली ओळखीची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरकारची फी. शेंगेन व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, त्याआधी ८० होती. सहा वर्षं पूर्ण झालेल्या पण बारा वर्षांखालच्या मुलांना ४५ आणि सहाच्या खालच्यांना शून्य. म्हणजे धाकट्याची व्हिसा फी लागतच नाही. ती लावली असेल तर एक तर एजंटने वय बघितलेलं नाही, किंवा बघूनही लावली. दोन्ही वाईट.

मुलीचं मात्र घाईने बघा. प्रवासाच्या तारखेचं वय इथे उपयोगाचं नाही, अर्ज दाखल होतो त्या दिवशीचं धरतात. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तुमचा प्रवास चार-साडेचार महिन्यांवर आहे, म्हणजे आत्ताच अर्ज करायला काहीच आडकाठी नाही. वाढदिवसाच्या आधी अपॉइंटमेंट मिळाली तर ४५, नंतर ९०. एजंट सहसा ‘महिनाभर आधी टाकू’ म्हणतो, कारण त्याला सगळ्या फायली एकदम न्यायला सोयीचं पडतं.

तर तुमच्या घराची सरकारी फी: तीन मोठे २७०, मुलगी ४५, मुलगा शून्य. ३१५ युरो. वाढदिवस उलटला तर ३६०.

आता केंद्राचं सेवा शुल्क. हे केंद्र म्हणजे वकिलातीने नेमलेली खासगी कंपनी. कागद घ्यायचे, ठसे घ्यायचे, पासपोर्ट परत द्यायचा, एवढंच तिचं काम. व्हिसा द्यायचा की नाही यात तिचा शब्द चालत नाही. शेंगेनच्या व्हिसा कोडप्रमाणे, म्हणजे व्हिसाच्या नियमावलीप्रमाणे, या शुल्काला मर्यादा आहे: व्हिसा फीच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे आज ४५ युरो. ज्या देशात त्या राष्ट्राची अर्ज घेणारी वकिलातच नाही तिथे यापेक्षा जास्त घ्यायची मुभा आहे, ते तुम्ही कुठून अर्ज करताय त्यावर बघा. आणि एक गोष्ट लोकांना नेहमी खटकते ती आधीच सांगून ठेवतो. लहान मुलाची व्हिसा फी माफ असली तरी केंद्राचं शुल्क माफ असेलच असं नाही. आमच्या काउंटरवर यावरून रोज एक तरी वाद व्हायचा.

पाचही जणांचं सेवा शुल्क कमाल दराने धरलं तरी २२५ युरो. ३१५ मध्ये मिळवा, ५४०. नेहमीच्या केंद्रात पाच जणांच्या अर्जाला बंधनकारक असं यापेक्षा जास्त काही नाही. हा आकडा एका कागदावर लिहा आणि एजंटच्या वहीशेजारी ठेवा.

बायोमेट्रिक चार्ज: शेंगेनला असा वेगळा चार्ज नाही. ठसे घेण्याचा खर्च वरच्या शुल्कातच आला. सासूबाई गेल्या काही वर्षांत शेंगेनला जाऊन आल्या असतील तर ५९ महिन्यांच्या आतले ठसे पुन्हा वापरता येतात, मग तर त्यांचे ठसे बहुधा घेतलेच जाणार नाहीत. ही ओळ सरळ काट मारा.

मल्टिपल एंट्री चार्ज: हीसुद्धा काट मारा. एकदाच आत जायचा व्हिसा असो की अनेकदा, शेंगेनची फी तीच. फॉर्ममध्ये किती प्रवेश हवेत ते विचारलेलं असतं, तिथे खूण करायची आणि कारण कागदांत दाखवायचं. तुमच्या बेतात तर ते गरजेचंच आहे. फ्रान्स, मग लंडन, मग स्वित्झर्लंड असा रस्ता असेल तर लंडनला जाताना तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता आणि परतताना दुसऱ्यांदा आत शिरता. सिंगल मिळाला तर तो दुसरा प्रवेश होत नाही. लंडन सुरुवातीला किंवा शेवटी ठेवलंत तर हा प्रश्नच मिटतो.

डॉक्युमेंटेशन म्हणजे फॉर्म भरणं आणि कागद लावणं. ही एजंटची मेहनत आहे, त्याचे पैसे घेणं गैर नाही. पण तो त्याचा मेहनताना आहे असं म्हणून घ्यावा, ‘व्हिसा चार्जेस’च्या पोटात दडवून नव्हे.

बाकी सगळं ऐच्छिक. एसएमएस घेतला नाही तरी पावतीवरचा संदर्भ क्रमांक टाकून केंद्राच्या साइटवर अर्ज कुठवर आला ते फुकट दिसतं. कुरिअर बहुतेक ठिकाणी पासपोर्टमागे लावतात. पाच पासपोर्ट एकाच पत्त्यावर, एकाच गठ्ठ्यात आले तरी पाच कुरिअर. घरातल्या एकाने बाकीच्यांचं अधिकारपत्र घेऊन जाऊन पासपोर्ट आणता येतात, त्या केंद्राचा नियम तेवढा विचारून घ्या.

आणि प्रीमियम लाउंज. तुमच्या यादीत तो नाही, पण तिथे गेल्यावर नक्की विचारतील. लाउंजमध्ये खुर्ची मऊ असते, रांग छोटी असते. फाइल मात्र त्याच पिशवीतून त्याच वकिलातीत जाते. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांच्यापुरता घ्या, ‘लाउंजवाल्यांचा व्हिसा लवकर होतो’ म्हणून घेऊ नका.

काउंटरवर हे कसं विकलं जातं तेही सांगतो. आमच्या वेळी या सेवांचं टार्गेट असे. अर्जदार आधीच घाबरलेला असतो, त्याचं सगळं लक्ष आपला एखादा कागद कमी तर नाही ना यात. समोरचा फाइल उलटत उलटत, वर न बघता विचारतो, “एसएमएस आणि कुरिअर करून टाकू ना?” पेनाचं टोक चौकोनावर आधीच टेकलेलं असतं. शंभरातले किती ‘हो’ म्हणायचे ते मोजलं नाही, पण ‘नको’ ऐकलं की आम्ही दचकून वर बघायचो. मग एका छापील कागदावर सही घेतात. त्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की या सेवा मी स्वखुशीने घेत आहे. तो कागद वाचा. कार्ड पुढे करण्याआधी पावती ओळीवार दाखवायला सांगा. नंतर तक्रार केलीत तर ती सही तुमच्यासमोर ठेवतात आणि विषय संपतो.

फोटोचं विसरू नका. शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, चेहरा फोटोच्या ७० ते ८० टक्के, सहा महिन्यांच्या आतला. लोक घरात पडलेले जुने पासपोर्ट साइज घेऊन येतात, चेहरा लहान भरतो, आणि मग केंद्रातल्याच फोटो बूथमध्ये बाहेरच्या दरापेक्षा अव्वाच्या सव्वा देऊन काढतात. पाच जणांचे म्हणजे बरीच रक्कम होते. पट्टी घेऊन घरी मोजा.

गाठोडं_बांधलंय

काचेपलीकडचे दादा, प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. मुलीच्या वाढदिवसाचं तर ध्यानीमनीही नव्हतं. आजच अपॉइंटमेंट बघायला बसले, पण स्लॉट दिसत नाहीत. म्हणून विचारते, ‘अपॉइंटमेंट असिस्टन्स’ ही ओळ त्यासाठीच असते का? आणि लंडनचं काय?

काचेपलीकडचा

त्यासाठीच असते, आणि तीच सगळ्यात वाईट ओळ आहे. काही एजंट स्लॉट उघडला रे उघडला की घाऊक उचलतात आणि मग तेच विकायला काढतात. स्लॉटला शेंगेनची म्हणून वेगळी फी नाही. काही केंद्रं सेवा शुल्क अपॉइंटमेंट घेतानाच कापतात, ते वेगळं, ते वरच्या ४५ मधलंच असतं. सुट्ट्यांच्या हंगामात स्लॉटची मारामार असते हे खरं. पण रद्द झालेले स्लॉट दिवसभर अधूनमधून परत येतात. पहाटे, रात्री, दुपारी जेवणाच्या वेळी बघत राहा. पाचांचा एकत्र मिळत नसेल तर मुलगी आणि तुमच्या दोघांपैकी एक असा वेगळा घ्या, बाकीचे नंतर. मुलीचा अर्ज वाढदिवसाच्या आधी पडणं महत्त्वाचं.

एक सावधगिरी. केवळ जवळचा स्लॉट मिळतोय म्हणून तिसऱ्याच देशाच्या केंद्रात अर्ज टाकू नका. जिथे मुक्काम सर्वांत जास्त तिथल्याच वकिलातीत अर्ज करायचा असतो, आणि दिवस सारखे असतील तर जिथून पहिल्यांदा आत शिरताय तिथे. फी सगळ्या शेंगेन देशांची एकच आहे, त्यामुळे फी वाचवायला देश बदलण्यातही काही नाही.

लंडनचं दुसरं कुणी लिहील, माझं काउंटर शेंगेनचं होतं.

हिशेबी_मावशी

लंडनचं मी लिहिते. ‘नंतर बघू’ म्हणालेत ना तुमचे एजंट? इथेच बघा, कारण तीन दिवसांचं लंडन तुम्हाला अख्ख्या युरोपच्या व्हिसापेक्षा महाग पडणार आहे.

यूकेचा सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा ९ एप्रिल २०२५ ला ११५ पौंडांवरून १२७ झाला. या फीला एप्रिलमध्ये वाढायची खोड आहे, म्हणून भरायच्या दिवशी सरकारी साइटवर आकडा पुन्हा बघायचा. आणि मुलांना सवलत नाही! पाच वर्षांच्या बाळालाही तेवढेच. १२७ ने धरलं तरी पाच जणांचे ६३५ पौंड. मी तुमच्या जागी असते तर तीन दिवस लंडनऐवजी स्वित्झर्लंडला दिले असते. पण ते तुमचं तुम्ही ठरवा, लंडनची ओढ असते माणसाला.

जायचंच असेल तर क्रम सांभाळा. यूकेचा अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो, शेंगेनचा सहा महिने आधी. म्हणून आधी शेंगेन उरकायचा, पासपोर्ट हातात आला की यूके. उलटं केलंत किंवा दोन्ही शेवटच्या महिन्यावर ढकललेत की पासपोर्ट एका ठिकाणी अडकतो आणि दुसरीकडची तारीख उलटायला येते. मग लोक प्रायॉरिटी सर्व्हिस घेतात. यूकेची प्रायॉरिटी माणशी ५०० पौंड, सुपर प्रायॉरिटी १०००. फीच्या वर! पाच जणांचे २५०० पौंड नुसत्या घाईचे. एजंटने ‘नंतर बघू’ म्हटलं की मला हीच ओळ पुढे दिसायला लागते.

आणखी, यूकेच्या अर्जात कुणी तुम्हाला आरोग्य अधिभार सांगितला तर ऐकू नका. तो सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्यांना असतो, व्हिजिटरला नाही. ठशांचेही वेगळे पैसे नाहीत.

आता माझा लाडका विषय, बँक. फी पौंडांत, डॉलरांत, युरोंत लिहिलेली असते आणि आपण भरतो कार्डाने. परकी चलनात खर्च केला की बँक स्वतःचा मार्कअप, म्हणजे वरकड आकार, लावते, तो दोन ते साडेतीन टक्क्यांपर्यंत सर्रास असतो. अमेरिकेची १८५ डॉलर फी कुणी असं कार्डाने भरली तर साडेतीन टक्क्यांनी साडेसहा डॉलर जास्त गेले. एकाचं काही वाटत नाही, घरभर माणसं असली की वाटतं. शून्य मार्कअपची कार्डं मिळतात, आधी बघून ठेवा. आणि पैसे भरण्याच्या पानावर ‘तुमच्या चलनात भरायचं का?’ असा मानभावी प्रश्न आला तर ‘नाही’ म्हणायचं. तो रूपांतराचा दर तिथल्या पेमेंट कंपनीचा असतो आणि बहुतेक वेळा बँकेच्या दरापेक्षा चढा. ज्या चलनात फी लिहिलीय त्याच चलनात भरायची.

पैसे भरताना पान अडकलं, पांढरं झालं, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी खात्यातून गेलेत का बघा, साइटवर अर्जाची स्थिती बघा. दोनदा गेलेले पैसे परत येतात, पण महिन्यांनी, आणि तेव्हाच्या विनिमय दराने.

उनाडटप्पू

मावशी, कॅनडाचंही सांगा ना, पुढच्या वर्षी बेत आहे.

हिशेबी_मावशी

कॅनडात फी दोन भागांत असते रे. व्हिसा १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक ८५. कुटुंबाने एकत्र अर्ज केला तर बायोमेट्रिक सगळ्यांचं मिळून १७० च्या वर जात नाही. आणि एकदा दिलेले ठसे दहा वर्षं चालतात. आमच्या ओळखीच्या एका आजोबांकडून एजंटने दुसऱ्या वेळीही ८५ घेतले होते, पहिल्या ठशांना तीन वर्षंही झाली नव्हती. कॅनडाच्या इमिग्रेशनच्या साइटवर स्वतःच्या ठशांची मुदत तपासायची सोय आहे. आजोबांच्या नातीने ती काढून एजंटसमोर धरली. पैसे परत आले, वर ‘सिस्टिमने ऑटोमॅटिक लावले’ असं स्पष्टीकरण.

शेवटची_बोगी

सगळ्यांनी मिळून एजंटला बरंच झोडपलं, म्हणून चार शब्द त्याच्या बाजूने. माझे मेहुणे हेच काम करतात. त्यांच्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक असे असतात की ज्यांना बँकेचं स्टेटमेंट कुठून काढायचं तेही सांगावं लागतं. एकाचं जन्मदाखल्यावरचं नाव वेगळं, दुसऱ्याच्या पासपोर्टवर आडनावच नाही. अशी फाइल उभी करायला दोन-तीन दिवस जातात. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत का?

मी मेहुण्यांना हा धागा दाखवला. ते म्हणाले, गिऱ्हाइकाने एवढंच विचारावं: “तुमची फी किती, आणि बाकीच्याच्या पावत्या माझ्या नावाने मिळतील का?” चांगला एजंट व्हिसा फी आणि सेवा शुल्काची मूळ पावती देतो, स्वतःचं बिल वेगळं देतो. पावती मागितल्यावर जो ‘आमच्याकडे पॅकेज असतं’ म्हणतो त्याच्याकडून उठावं.

बाईंना एक सुचवतो. मुलांची आणि तुमची फाइल तुम्ही स्वतः करा, सासूबाईंची तेवढी एजंटकडे द्या. असं अर्धं काम करायला बरेच जण तयार होतात.

नकाशावेडी

मला वाटतं सगळ्यात मोठा खड्डा राहिलाच. नकली साइट्स. सर्च केलं की वरच्या दोन-तीन जाहिराती बहुधा त्यांच्याच असतात. झेंडा, सिंह, गरुड, सगळं सरकारी थाटात. माझ्या बहिणीने अमेरिकेच्या व्हिसासाठीचा डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला आणि शेवटी पैशाचं पान आलं. तिथे ती थांबली, कारण तो फॉर्म भरायला पैसेच लागत नाहीत. पैसे लागतात ते व्हिसा अर्जाचे, १७ जून २०२३ पासून १८५ डॉलर, आणि तेही सरकारी अपॉइंटमेंट व्यवस्थेतून भरायचे. जुलै २०२५ च्या अमेरिकी कायद्यात २५० डॉलरच्या ‘व्हिसा इंटिग्रिटी फी’ची तरतूदही आहे, त्यामुळे अमेरिकेला जाणाऱ्यांनी भरायच्या दिवशीचा आकडा परराष्ट्र खात्याच्या साइटवरच बघावा. १८५ ची पावती एक वर्ष चालते, म्हणजे ३६५ दिवसांत मुलाखतीची तारीख घ्यावी लागते. मुलाखत वर्षभरानंतरची असली तरी चालते, तारीख मात्र त्या आत घेतलेली हवी. परत मिळत नाही, दुसऱ्याच्या नावावरही होत नाही.

पत्त्याचा शेवट बघायची सवय लावा. अमेरिकेचं सरकारी पान डॉट गव्ह वर संपतं, यूकेचं गव्ह डॉट यूके वर, व्हिएतनामचं गव्ह डॉट व्हीएन वर. व्हिएतनामचा ई-व्हिसा सरकारी साइटवर एका प्रवेशाला २५ आणि अनेक प्रवेशांना ५० डॉलर, मधल्या साइट्सवर त्याच्या कितीतरी पट.

बाईंसाठी खास: युरोपच्या ‘एटियास’ नावाची २० युरोची परवानगी येऊ घातलीय म्हणून तिच्या नावाने आत्तापासून साइट्स उघडून बसलेत. ती ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहे. तुम्ही शेंगेन व्हिसा काढताय, तुम्हाला तिचा एक सेंटही द्यायचा नाही.

तिकिटं काढताना मधला विमानतळही बघा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, ट्रान्झिटचा असला तरी फी तीच १८५. स्वस्त तिकीट म्हणून असा मार्ग घेतला की स्वस्ताई तिथेच संपते. काही देश तर व्हिसाबाहेर पर्यटकांवर वेगळा कर लावतात. बालीत १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकाला दीड लाख रुपिया, व्हिसाच्या वर. न्यूझीलंडने आपला पर्यटक अधिभार १ ऑक्टोबर २०२४ ला ३५ वरून १०० न्यूझीलंड डॉलर केला. हे एजंटच्या वहीत नसतं आणि मग लोक म्हणतात ऐनवेळी लुबाडलं.

गाठोडं_बांधलंय

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी! दोन गोष्टी राहिल्या. इन्शुरन्स एजंटकडूनच घ्यायचा का? आणि देव न करो पण नाकारला तर काय काय परत मिळतं?

काचेपलीकडचा

इन्शुरन्स शेंगेनला सक्तीचा आहे, एजंटकडूनचा सक्तीचा नाही. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत लागू, मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचा. एवढं पाळणारी कुठलीही पॉलिसी चालते. सासूबाईंच्या वयामुळे त्यांचा हप्ता जास्त असेल, तो खरा खर्च आहे. बाकी चौघांनाही त्यांच्याच वयाच्या दराने लावलाय का, ते त्या वहीत नक्की बघा. घेताना विचारा की व्हिसा नाकारला तर प्रवास सुरू व्हायच्या आत नकाराचं पत्र दाखवून हप्ता परत मिळतो का. काही कंपन्या देतात.

नाकारला तर व्हिसा फी परत नाही. फी अर्ज तपासण्याची असते. केंद्राचं शुल्कही परत नाही. एकच अपवाद लोकांना माहीत नसतो. अर्ज ‘दाखल करून घेण्याजोगा नाही’ असं वकिलातीने ठरवलं, म्हणजे मुदतीबाहेरचा आहे, पासपोर्ट नियमात बसत नाही, फोटो किंवा ठसेच नाहीत, तर तो तपासलाच जात नाही आणि व्हिसा फी परत करायची असते. बँकेचं स्टेटमेंट कमी पडलं हे त्यात येत नाही, तो साधा नकार. यूकेचं वेगळं आहे. ऑनलाइन पैसे भरलेत, पण ठसे द्यायच्या आधीच अर्ज मागे घेतला तर फी परत मिळते. म्हणजे लंडन रद्द करायचं असेल तर ठशांच्या तारखेआधी ठरवा.

व्हिसा हातात येण्याआधी परत न होणारी तिकिटं आणि हॉटेलं घेऊ नका. फुकट रद्द होणारं हॉटेल बुकिंग आणि विमानाचं रिझर्व्हेशन अर्जाला पुरतं. ‘डमी तिकीट’ म्हणून काहीतरी विकतात, त्यातलं बरंच नुसतं छापलेलं असतं. वकिलातीने क्रमांक टाकून बघितलं आणि बुकिंग निघालंच नाही तर खोटा कागद दिला म्हणून नकार येतो, आणि तसा नकार पुढच्या अर्जांनाही चिकटतो.

गाठोडं_बांधलंय

अपडेट. रात्री साडेअकराला मुलीचा आणि माझा स्लॉट मिळाला, वाढदिवसाच्या नऊ दिवस आधीचा! नवरा आणि धाकटा त्याच्या पुढच्या आठवड्यात, सासूबाईंचं एजंटकडे.

एजंटला ५४० चा कागद पाठवला होता. बराच वेळ निळ्या टिकांवर काही उत्तर नाही. मग फोन आला, “मॅडम, ते बायोमेट्रिक आणि मल्टिपल चुकून लागलं होतं.” इतर म्हणजे काय ते त्यांनाही सांगता आलं नाही, तेही गेलं. एकट्या सासूबाईंची फाइल करायला आधी कुरकुरले, मग स्वतःची फी वेगळी लिहून दिली. ती मला रास्त वाटली.

लंडनचं मावशींनी मन वळवलं. लेकीने एक दिवस तोंड फुगवलं होतं, आता ती स्वित्झर्लंडमधल्या आगगाड्या शोधत बसलीय. त्या आगगाड्यांच्या पासचे दर बघून नवरा पुन्हा गप्प झालाय, त्यासाठी नवा धागा काढते.